पेढे का बर्फी

जवळ ये वं पोरी, अन् ऐक. लेकरू वर्षाचं होत आलं, तरी तू त्याचं बारसं टाळून राह्यली. शोभते का तुले?

तू बाळंत झाली त्या दिवशी मी पुलगावच्या मिठाईवालीकडे गेलती. डब्याचा दोरा दातानं तोडायची ती, अन् बोलताना खाली पाहायची. "मावशी, काय बांधू? पोराचे पेढे का पोरीची बर्फी?"

डॉक्टर म्हणाले होते, लेकरू ठणठणीत आहे, पण पोटात घडताना अंग वेगळं घडलं. मुलगा का मुलगी, आताच सांगता येत नाई. बाई परकी, तरी तिले सारं सांगून टाकलं.

तिचा हात थांबला. "मीबी तशीच जन्मली, मावशी. माह्या बापानं गावात पेढे ना बर्फी, काहीच वाटलं नाई." मग एकाच डब्यात तिनं दोन्ही भरलं.

तो डबा मी लोकांच्या भीतीनं कपाटातच ठेवला. म्हणजे मीही तिच्या बापासारखंच केलं. आता तिच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. ती कुठं गेली, कोणाले माहीत नाई. लय आठवण येते तिची.

माही चूक तू करू नको. लेकराले घेऊन माहेरी नाचणगावले लवकर येजो. पाळणा अंगणात बांधीन, साऱ्यांसमोर.