आक्का साक्षीला गेली तो दिवस

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, फाटकाला लागून असलेल्या खोलीत आक्का राहते. खिडकीशी टेबल लावून ती चोवीस बिऱ्हाडांच्या कपड्यांना इस्त्री करते. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या ऑफिसच्या साड्या गेली बारा वर्षं तिच्याच हातून जातात, त्यामुळे तिच्या भित्रेपणाच्या गोष्टी मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक.

भित्री म्हणजे किती? सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेली आणि जेवणाआधीच परत आली. दोन तासांच्या वर घर सोडून ती राहतच नाही. तिचे यजमान बस चालवतात. ते म्हणायचे, "मी दिवसभर शहरभर फिरतो, ही घरातून हलत नाही. दोघांची मिळून सरासरी चांगली येते." इमारतीतले लोक हसायचे. म्हणायचे, आक्का आहे तोवर आपल्याला कुत्रं पाळायची गरज नाही. फाटकातून कोण आलं, किती वाजता आलं, हातात काय होतं, सगळं तिला पाठ.

यामागचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मान वर न करता, एका शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत.

ती नऊ वर्षांची होती. शाळा सुटल्यावर घरी आली, तर गल्लीच नव्हती. सकाळी होती, दुपारी नव्हती. विटांचे ढीग होते आणि त्यातला आपला कुठला ते तिला कळेना. शेवटी एका तुकड्यावर त्यांच्या भिंतीचा हिरवा रंग दिसला. आई रस्त्याच्या कडेला गादीच्या वळकटीवर बसली होती. "आई रडत नव्हती गं," आक्का म्हणाली, "म्हणून मला जास्त भीती वाटली."

अशा बाईच्या खिडकीत एक दिवस बिल्डर कंपनीचा माणूस येऊन उभा राहिला.

शेजारचा रिकामा प्लॉट कंपनीनं आधीच घेतला होता, आता त्यांना आमची जागा हवी होती. तो माणूस इतका गोड बोलायचा, की आम्ही त्याचं नावच गोडबोल्या ठेवलं. "घर सोडा असं मी म्हणतच नाही, नवं घर घ्या म्हणतो," असं तो प्रत्येक दारात सांगायचा. नवं घर बसनं दोन तासांवर होतं, हे मात्र आम्हाला आक्काच्या यजमानांकडून कळलं. सात बिऱ्हाडांनी सह्या केल्या आणि ती गेली. ती गेली त्याच आठवड्यात कंपनीच्या माणसांनी त्या सात खोल्यांची दारं-खिडक्या काढून नेली. मग जिन्यानं वर जाताना त्या उघड्या काळ्या चौकटींसमोरून जावं लागायचं. मी पन्नाशीची बाई, पण तिथं पोचले की माझी पावलं आपोआप भराभर पडायची.

त्यानंतर एकेक सुरू झालं. पाण्याची मोठी नळी दोनदा फुटली. शेजारच्या प्लॉटवर ड्रिलिंग सुरू झालं, तेव्हा फडताळातले कप दिवसभर किणकिणत राहायचे. फाटकाबाहेर मोटरसायकलींवर तिघं-चौघं पोरं बसू लागली. कुणाला काही बोलायची नाहीत, नुसती बघायची. मुली कॉलेजातून घोळक्यानंच परतायला लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी खाली उतरणंच सोडलं. आक्कानं खिडकीला पडदा लावला आणि पडद्याला बोटभर फट ठेवली.

आणि मग महापालिकेची नोटीस आली. इमारत धोकादायक आहे, कधीही कोसळेल, तीस दिवसांत रिकामी करा. सोबत इंजिनिअरचा अहवाल होता: बारा आणि तेरा तारखेला प्रत्येक खोली आतून तपासली, भिंती ओल्या आणि पोकळ आढळल्या. हरकत असेल तर सुनावणीला या.

आम्ही सगळे जिन्यात जमलो आणि मी अहवाल मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर लोक नोटीस एकमेकांच्या हातात देऊ लागले. तेवढ्यात खालच्या पायरीवरून आक्काचा बारीक आवाज आला.

"बाराला कोणी आलं नाही."

सगळे वळून बघायला लागले तशी ती अंग चोरून उभी राहिली. "बाराला सकाळी गॅसवाला आला, दोन सिलिंडर. मग पोस्टमन. दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्यांचे मेहुणे, छत्री घेऊन. संध्याकाळी कुरिअरवाला, तो फाटकातूनच परत गेला. तेराला तर पाणी नव्हतं, दिवसभर टँकरवाल्याशिवाय कोणीच नाही. इंजिनिअर म्हणवणारा एक जण नऊ तारखेला आला होता. फाटकाबाहेर उभं राहून तीन फोटो काढले आणि गेला."

"आक्का, हे तिथं येऊन सांगशील?" मी विचारलं.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "नाही," ती म्हणाली आणि आत जाऊन कडी लावून घेतली.

ही गोष्ट गोडबोल्यापर्यंत कशी पोचली, ते आजही माहीत नाही. आमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं असणार, आणि त्या विचारानं आम्ही एकमेकांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. दोन दिवसांनी तो स्वतःचा शर्ट घेऊन आक्काच्या खिडकीशी आला. ती इस्त्री फिरवत असताना कौतुकानं बघत राहिला.

"सुनावणीला जाताय म्हणे, आक्का. जा की. ऑफिस लांब आहे, अख्खा दिवस मोडतो." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "मागं घरी कोण असतं?"

आक्काचा हात थांबला. इस्त्री तशीच शर्टावर राहिली. वास आला तेव्हा पाठीवर त्रिकोणी करपट डाग पडलेला होता. बावीस वर्षांत तिच्या हातून कपडा जळला नव्हता. "असू दे, असू दे," म्हणत त्यानं शर्टाची घडी घातली आणि तो गेला. जाताना हसला.

मला वाटलं, आता संपलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथं तर तो खिडकीशी येऊन नाव घेऊन बोलून गेला होता. पण सुनावणीच्या आदल्या दिवशी आक्का माझ्या दारात आली. तिसऱ्या मजल्यावर ती पहिल्यांदाच चढली होती.

"मी येते उद्या," ती म्हणाली. "न जाता तरी कुठं झोप लागतेय? आमच्या वेळी आईला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ती बोलली असती, की गप्प बसली असती, काय माहीत. मला विचारतायत. तू फक्त सोबत राहा."

तिच्या यजमानांनी रजा काढली आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले. शेजारच्या खोलीतली तिची जाऊही कामावर गेली नाही. आम्ही बसनं निघालो. आक्का माझा हात इतका घट्ट धरून बसली होती, की उतरताना माझ्या मनगटावर तिच्या बांगडीचा वळ होता.

महापालिकेच्या ऑफिसातल्या बाकावर आम्ही अकरापासून बसलो. साडेबाराला तिचा फोन वाजला. पलीकडे जाऊ होती, आणि तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"आक्का, पाडकामाचं मशीन आलंय. फाटकापाशी उभं आहे. शेजारच्या प्लॉटसाठी आहे म्हणतात, पण तोंड आपल्याकडे आहे."

आक्का उठली आणि चालायला लागली. मी तिला अडवलं नाही. अडवायचा मला काय हक्क होता? कॉरिडॉर ओलांडून ती जिन्यापर्यंत गेली, कठडा धरला आणि एक पायरी उतरली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती हळूहळू परत आली आणि बाकावर बसली.

"तिथं जाऊन मी काय करणार?" ती म्हणाली. "मशीनसमोर इस्त्री धरणार? तिथं ते दोघं आहेत, सगळे आहेत. इथं सांगायला मी एकटीच आहे."

पाऊण तासानं आमचा पुकारा झाला. अधिकारी बाई वयस्क होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. आक्कानं खालमानेनं सगळं सांगितलं, गॅसवाल्यापासून टँकरवाल्यापर्यंत. आवाज इतका बारीक, की बाईंनी दोनदा "मोठ्यानं" म्हटलं. कंपनीचा वकील उठला.

"म्हणजे तुम्ही दिवसभर खिडकीतून लोकांवर पाळत ठेवता?"

"हो."

"कशासाठी?"

"भीती वाटते म्हणून."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या रांगेकडे बोट केलं. "यांच्यातले इंजिनिअर ओळखाल?"

आक्कानं पहिल्यांदा मान वर केली. "ते, कडेचे. नऊ तारखेला आले तेव्हा फिकट पिवळा शर्ट होता. डाव्या मनगटाचं बटण तुटलेलं, तिथं टाचणी लावली होती."

इंजिनिअरचा हात डाव्या मनगटाकडे गेला. शर्ट आज दुसरा होता, पण हात गेलाच. बाईंनी ते पाहिलं आणि त्याला विचारलं, तळमजल्यावरच्या फाटकालगतच्या खोलीत आत शिरल्यावर समोर काय आहे? त्यानं अहवालाची पानं चाळली. मग म्हणाला, "स्वयंपाकाचा ओटा." तिथं आक्काचं इस्त्रीचं टेबल आहे, ओटा मागच्या कोपऱ्यात आहे.

दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासणी होईपर्यंत इमारतीला हात लावायचा नाही, असा लेखी आदेश मिळायला चार वाजले. मी त्याचा फोटो लगेच तिच्या यजमानांना पाठवला. उत्तर आलं नाही. फोन केला, उचलला नाही. जावेनंही नाही.

परतीच्या बसमध्ये मी फोन लावत राहिले. स्टॉपवर उतरलो तर वळणापलीकडे धूळ दिसली, पिवळसर, इमारतींच्या वर चढलेली. आक्का जागीच उभी राहिली.

"तू जा," ती म्हणाली. "बघ आणि मला सांग. मी येत नाही."

ते पन्नास पावलांचं अंतर मी जीव मुठीत धरून चालले. वळले. कंपाउंडची भिंत आडवी झाली होती, फाटक वाकून रस्त्यात पडलं होतं. पण इमारत उभी होती. दारात आमचे सगळे लोक खेटून उभे होते, पहिल्या मजल्यावरचे आजोबाही, आणि मध्ये आक्काचे यजमान मशीनवाल्याला फोनवरचा आदेश दाखवत होते. गडबडीत कुणाला फोन उचलायला सुचलं नव्हतं.

मी परत पळत आले. "आहे," म्हटलं.

"सगळी?"

"कंपाउंड नाही. बाकी सगळी."

आक्का तिथंच फूटपाथवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

दोन महिन्यांनी नवा इंजिनिअर आला, प्रत्येक खोलीत शिरला, भिंती ठोकून पाहिल्या. इमारत दुरुस्त करता येईल असं त्यानं लिहून दिलं. कंपनी वरच्या कोर्टात गेली आहे, खटला अजून चालू आहे. दुसऱ्या वेळी साक्षीला बोलावलं तेव्हा आक्का गेली नाही. "एकदा झालं," एवढंच म्हणाली, आणि तिचा लेखी जबाबच चालवून घेतला गेला. कुणी तिला धीट म्हटलं तर तिला राग येतो. त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात आपण एक पायरी उतरलो होतो, हे ती स्वतःहून सांगते.

मोटरसायकली अजूनही कधीकधी येऊन उभ्या राहतात. निघून गेलेल्या सातांपैकी दोन कुटुंबांनी मागच्या महिन्यात विचारलं, परत येता येईल का? त्यांच्या खोल्यांना दारं नाहीत, आणि त्यांना काय सांगायचं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.