रविवारचं बोलावणं

आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा गल्लीतल्या पुरुषांना एकदम आपापल्या बायका आठवल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आंध्रातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आदिलाबादला नगरपालिकेची निवडणूक लागली होती. आमच्या वॉर्डात अलीकडे आम्हा मराठी माळ्यांची आळी, मध्ये तेलुगू विणकरांची गल्ली आणि नाल्यापलीकडे मुसलमान मोहल्ला. तिन्हीकडे ओळखीची अशी बाई एकच होती, ती म्हणजे माझी सासू. सकाळी ती भाजीची टोपली गल्लोगल्ली फिरवायची, मग बाजारात दुकान लावायची. तेलुगूत भाव सांगायची, उर्दूत घासाघीस करायची आणि रागवायची मात्र मराठीत.

तिलाही उभं राहायचंच होतं. "मले एक डाव त्या खुर्चीत बसून इचारायचं हाय," ती म्हणायची, "का आमच्या गल्लीचे नळ काऊन कोरडे." तिला इतकं हौसेनं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण अर्ज भरला त्याच दिवशी माझे चुलत सासरे, म्हणजे तिचे धाकटे दीर, ओसरीवर बसून म्हणाले, "वयनी, दारोदार तुमी नका जाऊ. सकाळी सकाळी रिकाम्या कपाळानं कोनाच्या दारात उभं राह्यनं बरं दिसत नाई. सूनबाई जाईल कुंकवाचा करंडा घेऊन."

सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सासूबाई नुसतं "बरं भाऊजी" म्हणाल्या आणि आत जाऊन भाकरी थापायला बसल्या. मला इतका राग आला की मी मागोमाग गेले. "मामीजी, उमेदवार तुमी, अन् लपून तुमीच बसता?"

"जाय तू," त्या म्हणाल्या. "मतं पायजेत ना आपल्याले." आवाज नेहमीचाच होता, पण पहिली भाकरी त्यांनी करपवली. मी त्या घरात आल्यापासून त्यांच्या हातून भाकरी करपलेली पाहिली नव्हती.

तर प्रचाराला निघाले मी. मराठी आळीत सोपं होतं. मोहल्ल्यात कुंकवाचा प्रश्नच नव्हता. तिथं सलाम करायचा, दिलेलं पान खायचं आणि सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी ऐकायची. तोंड लाल करून घरी आले की नवरा म्हणायचा, "प्रचार करून राह्यली का पान खाऊन राह्यली?" राहिली विणकरांची गल्ली. माझं तेलुगू तेव्हा मीठ-मिरचीपुरतंच. मी आपली प्रत्येक दारात बाईला कुंकू लावायची, हात जोडायची आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायची, रविवारी नक्की यायचं. मतदान रविवारी होतं. बायका खूश होऊन माना हलवायच्या, एकीनं तर मला जवळ ओढून गालावरून हात फिरवला. मी घरी येऊन जाहीर केलं, विणकर गल्ली आपली झाली.

रविवारी दुपारी चुलत सासरे आणि नवरा मतदान केंद्रावर होते. मी ओसरीवर आले आणि पाहिलं, तर विणकर गल्लीतल्या बायका रांगेनं आमच्या घराकडे येत होत्या. ठेवणीतल्या साड्या, केसांत फुलं, काखेला लेकरं. पुढे गल्लीतली सगळ्यात म्हातारी आजी. तिच्याही कपाळावर काही नव्हतं. अंगणात येऊन सगळ्या शांतपणे बसल्या आणि स्वयंपाकघराकडे पाहू लागल्या.

तेलुगू घरात बाईच्या कपाळाला कुंकू लावून अमुक दिवशी या म्हटलं, की ते जेवणाचं आमंत्रण असतं. कुंकवाचं बोट्टू लावून बोलावलं, म्हणजे गेलंच पाहिजे. हे मला वऱ्हाडातल्या माहेरी कोण सांगणार? घरी चूल न पेटवता आल्या होत्या बिचाऱ्या.

आणि समोरच्या पानठेल्यावर विरोधी उमेदवाराचा माणूस उभा. मतदानाच्या दिवशी मतदारांना जेवू घातलं, की तक्रार व्हायला वेळ नाही. आणि न जेवू घालता परत पाठवलं, तर ती गल्ली पुन्हा आमचं तोंड पाहणार नाही. मी सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई बाहेर आल्या. पदर सावरून त्या अंगणात आजीसमोर बसल्या. "बायांनो, चुकी झाली," त्या म्हणाल्या. "पोरीले तुमची रीत ठाऊक नवती. आज मी तुमाले पानी बी देऊ शकत नाई, कायदा हाय. मत ज्याले द्यायचं त्याले द्या. पन निकालाच्या दुसऱ्या दिवशी जेवाले या. पडली तरी या."

सासूबाईंचं तेलुगू भावापुरतंच, म्हणून आजीनं हे आपल्या बायकांना तेलुगूत समजावलं. मग आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "बोलवायला सून आली. तू का नाही आली?"

सासूबाईंनी आपल्या कपाळाला बोट लावलं.

आजी चिडली. "रोज सकाळी पहिली बोहनी माझी घेते तू. टोपली डोक्यावर घेऊन माझ्या दारात येते. तेव्हा हे कपाळ चालते, अन् मत मागायला नाही चालत?"

सासूबाईंनी तिला हात देऊन उठवलं आणि दारापर्यंत सोडलं. 

निवडणुकीत आम्ही पडलो, अगदी थोडक्यात. कोणाची मतं कमी पडली हे मी कधी शोधलं नाही.  निकालाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच उठून सासूबाईंनी मळ्यातली वांगी तोडली, आंबाडीची भाजी खुडली आणि मला चुलीशी बसवलं. मोहल्ल्यातून दोन मोठी पातेली आली, ती घेऊन आलेल्या बायकाही थांबल्या. चुलत सासरे पडेल चेहऱ्यानं ओसरीवर बसून होते. हरल्यावर कसली जेवणावळ, असं त्यांचं म्हणणं होतं. विणकर गल्ली मात्र झाडून आली.

जेवणं झाली. विणकर गल्लीतल्या बायका निघाल्या तसे चुलत सासरे सवयीनं म्हणाले, "सूनबाई, कुंकू आना."

मी करंडा आणला. सासूबाईंनी हात पुढे केला. मी क्षणभर चुलत सासऱ्यांकडे पाहिलं आणि करंडा सासूबाईंच्या हातात दिला. त्या दारात उभ्या राहिल्या आणि निघणाऱ्या एकेका सवाष्णीला स्वतः कुंकू लावू लागल्या. प्रत्येक बाई त्यांच्यापुढे वाकत होती, एकीनंही कपाळ मागे घेतलं नाही. चुलत सासरे ओसरीवर पानाचा डबा उघडून बसले. शेवटी सासूबाईंनी मला हाक मारली. मी पाया पडायला मध्येच वाकले, त्यामुळे माझं कुंकू वाकडं लागलं. संध्याकाळपर्यंत मी ते तसंच मिरवलं.