आई असलेली अनाथ मुलगी

"सांग त्यांना, ही आपली स्वयंपाकीण आहे."

सर मराठीत म्हणाले. माझ्याकडे न बघता, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. मी ते इंग्रजीत सांगितलं. लिंडा मॅडमनं डोळे पुसले आणि त्या स्वयंपाकिणीला मिठी मारली.

ती स्वयंपाकीण म्हणजे माझी आई.

आईला इंग्रजी येत नाही. पण सरांचं मराठी तिला चांगलं कळलं होतं. मिठी सुटल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या लाटायला बसली. लेकीचं खोटं उघडं पडू नये म्हणून. परातीतली कणीक संपेपर्यंत ती उठली नाही.

मेहकरच्या बाहेर अनाथ आणि अपंग मुलांचं एक वसतिगृह आहे. परदेशातल्या एका चर्चची मंडळी त्याला मदत करतात, आणि दरवर्षी थंडीत दहा दिवस सेवेला येतात. माझी धाकटी बहीण मीनू तिथं सहा वर्षं होती. जन्मापासून तिचे हातपाय ताठ. बोलता येत नाही, पण समजतं सगळं. फाटकाशी आईचा आवाज आला तरी आत खोलीत हसायला लागायची.

आम्ही बीबी गावचे. बाप लवकर गेला. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची तेव्हा मीनूला बाजेवर निजवून बाहेरून कडी लावायची, आणि दिवसभर तिचा जीव त्या कडीत अडकलेला असायचा. वसतिगृहाची माहिती मीच कॉलेजात असताना काढली. फॉर्म मी भरला. आईच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं, खाली आईनं सही केली. बीए झाल्यावर मला तिथंच नोकरी मिळाली. मुलांचं सगळं करायचं, आणि पाहुणे आले की दुभाष्याचं काम, कारण सरांचं इंग्रजी बेताचं. सर म्हणजे तिथले व्यवस्थापक. नोकरी देतानाच त्यांनी बजावलं होतं, "मीनू तुझी बहीण आहे हे पाहुण्यांना कळता कामा नये. वशिला दिसतो." मला पटलं. मला तेव्हा सगळंच पटायचं.

त्या लोकांवर माझा जीव होता, हे लपवत नाही. पाहुणे गुडघ्यावर बसून मुलांचे पाय धुतात. त्यांच्या धर्मातला तो रिवाज आहे, गुरूनं शिष्यांचे पाय धुतले होते म्हणून. पहिल्या वर्षी मी हे घरी सांगितलं तेव्हा आई हातातलं काम सोडून बघत राहिली.

"आपल्या पोरीचे पाय? त्या गोऱ्या बाईनं?"

"हाव."

"ह्या लोकायले इटाळ नाही वं माय."

आई लहान असताना गावच्या विहिरीवर तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आता आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे, शिकलेली पोरं आहेत, पण ती ओंजळ आई विसरलेली नाही. मीही नाही. म्हणून त्या पाहुण्यांच्या प्रमुख लिंडा मॅडमनं पहिल्यांदा माझा हात हातात घेऊन मला 'सिस्टर' म्हटलं, तेव्हा मी विरघळले. गावातल्या एकाही मोठ्या घरच्या बाईनं माझा हात असा धरला नव्हता.

पाहुण्यांच्या दहा दिवसांत नातेवाइकांनी यायचं नाही, हा नियम. मुलं बावरतात, असं कारण. दरवर्षी मी आईला फोन करून नको येऊ म्हणून सांगायची. गेल्या वर्षी केला नाही. मुद्दाम. मॅडम आईला भेटल्या की खूश होतील, असं वाटलं मला. इतकी मी खुळी.

रविवारी आई आली. ठेवणीतली साडी नेसून, पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली घेऊन. दर रविवारी ती मीनूचे पाय चोळायची. आत व्हरांड्यात पाय धुण्याचा कार्यक्रम चालू होता. टब, पांढरे टॉवेल, समोर दोन कॅमेरे. मॅडम मीनूपुढे बसल्या आणि त्यांनी गार पाण्यात तिचं पाऊल धरलं. मीनूच्या तळव्याला असा एकदम हात लावायचा नसतो. तिचं सगळं अंग कमानीसारखं ताठ झालं. ती किंचाळली.

मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "बघा," त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या, "हिला प्रेम कळतं आहे."

मला माहीत होतं, हे प्रेम नव्हे, तिच्या पायात गोळा आला आहे. मी गप्प उभी होते, दुभाष्याला मध्ये बोलायचं नसतं म्हणून. आई मात्र गर्दीतून पुढे आली. "थांबा वो बाई, अगुदर गुडघा धरा तिचा." तिनं मीनूचा गुडघा दाबून धरला, दुसरा हात पाठीखाली घातला, तोंडानं हू हू करत राहिली. मीनू सैल पडली. हसली.

"ही बाई कोण?" मॅडमनं विचारलं.

आणि मग ते झालं, जे मी सुरुवातीलाच सांगितलं.

दुपारी मी आईला बसस्टँडवर सोडायला गेले. मला वाटलं, ती बोलेल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मीनूची जागा राह्यली ना वं?" तिनं विचारलं.

"हाव."

"मंग झालं. तू काऊन तोंड पाडून राह्यली?"

बस लागली, ती चढून गेली. तेलाची बाटली पिशवीत तशीच होती. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

दोन दिवसांनी मॅडमनं आम्हा कर्मचाऱ्यांना तिकडे छापलेली कॅलेंडरं वाटली. एका पानावर मीनू. खाली इंग्रजीत लिहिलेलं: बसस्टँडवर चिंध्यांत गुंडाळून टाकून दिलेली मुलगी. आईचा हात हिच्या अंगावरून कधी फिरला नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तरीही, ऐका, तरीही मला वाटलं की मॅडमना ठाऊकच नसणार. सरांनी फसवलं असणार. मी धावत त्यांच्या खोलीत गेले. मीनू माझी बहीण, परवाची बाई आमची आई, सगळं धडाधडा सांगून टाकलं.

मॅडमनं दार लोटून घेतलं. माझा हात धरला, नेहमीसारखाच.

"मला माहीत आहे, सिस्टर. मी फाईल वाचली आहे. पण आमच्याकडे आई असलेल्या मुलीसाठी कुणी रडत नाही." हात थोपटत म्हणाल्या, "तू समजूतदार आहेस. मीनूचा विचार कर."

सरांचा मला राग आला, पण धक्का बसला नाही. अशा नजरांत मी लहानाची मोठी झाले आहे. ही बाई मात्र माझी होती. हिच्यासाठी मी आईला नाकारलं होतं. जो शिवतो तो आपला, एवढाच माझा हिशेब होता, आणि तो साफ चुकला. माणसाला जवळ घेऊनही पुसून टाकता येतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारे निदान ती कुणाची लेक, हे तरी नाकारत नव्हते.

त्यांच्या देवाशी माझं भांडण नाही. त्याच पाहुण्यांत एक म्हातारे डॉक्टर होते. मुलांचे सांधे हळूहळू मोकळे करायचे, कुणी फोटो काढायला आलं की हातानंच नको म्हणायचे. त्यांना मी आजही मानते.

शेवटच्या दिवशी सकाळी निरोपाचा कार्यक्रम. अंगणात मांडव. एरवी कोठीत कुलूपबंद असलेल्या चाकाच्या खुर्च्या पुसून बाहेर काढलेल्या. तिकडच्या चर्चमधले लोक मोबाईलवरून बघत होते. मॅडमनं मीनूच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकवर म्हणाल्या, "या मुलीला जगात कुणी नाही. आजपासून आपणच तिची आई."

आणि माईक माझ्याकडे दिला, मराठी करायला.

मी मराठी केलं नाही. मोबाईलकडे तोंड केलं आणि इंग्रजीतच बोलले. "हिला आई आहे. ती बीबीला राहते. रविवारी तुमच्या मॅडमनं जिला मिठी मारली, ती हिची आई. ती स्वयंपाकीण आहे असं मी सांगितलं, ते खोटं होतं. मी हिची बहीण. हिला कुणी टाकलेलं नाही."

कुणीतरी मोबाईल खाली केला. माईक बंद झाला. मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या, की जणू मीच त्यांना फसवलं. हात धरायला त्या पुढे आल्या. मी हात मागे घेतला.

सर दातओठ खात म्हणाले, "आत्ताच्या आत्ता उचल हिला. उपकाराची जाणच नसते तुम्हा लोकांना."

तुम्हा लोकांना. सहा वर्षांनी निघालं तोंडातून.

मीनूला खांद्यावर घेऊन मी फाटकाबाहेर पडले. खुर्ची त्यांनी दिली नाही. बसमध्ये लोकांनी जागा दिली.

घरी आईनं मीनूला पोटाशी धरलं, खूप वेळ. मग मला म्हणाली, "बोलली त बेस केलं. पन आता मी निंदाले कशी जाऊ, थे सांग." एक दिवस ती घरी थांबते, एक दिवस मी. माझी नोकरी गेली, शिकवण्या घेते. मीनूला आता चाळिसेक पावलांवर नेणंही अवघड जातं, वजन वाढलंय. मी खरं बोलले म्हणून सगळं गोड झालं, असं कुणी समजू नये.

पण नोकरीत असताना मुलांचे फॉर्म मी भरले होते. त्यांची गावं मला पाठ आहेत. महिन्याभरापासून मी दारोदार जाते आहे, कॅलेंडर घेऊन. मलकापूरला एक शिंपी आहेत, त्यांचा मुलगा तिथं आहे. त्याच्या फोटोखाली लिहिलंय, अनाथ, आईबाप मेलेले. मी वाचून दाखवलं. मशीन थांबवून ते म्हणाले, "मैं जिंदा बैठा हूँ ना, बाई? फिर मेरा लड़का यतीम कैसा?"

त्यांची बायको आतून आली आणि फोटोवरून हात फिरवत राहिली.

असे पाच घरचे आईबाप आतापर्यंत तयार झालेत. मुलांना लगेच काढून आणणं कुणाला जमणार नाही, आणि का आणावं? जागा त्यांच्या हक्काची आहे. पण यंदा थंडीत पाहुणे येतील, कॅमेरे लागतील, तेव्हा आम्ही सगळे आत असू. प्रत्येक आई आपल्या लेकराशेजारी उभी राहील. मी दुभाषी आहे. कोण कुणाचं, हे मी एकेकाचं नाव घेऊन इंग्रजीत सांगणार आहे. फाटक लावून घेतलं, तर फाटकाबाहेरून ओरडून सांगणार आहे.