ओस्नियेलचा नंबर कितवा

सिएन्फुएगोसच्या पार्कात मी पहिल्याच सकाळी माती खाल्ली. माझं गाव क्रूसेस. तिथल्या शाळेत सगळं शिकवतात, गप्प बसणं सोडून. झाडाखाली रोजचा वाद पेटला होता: बेसबॉलमध्ये बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा, म्हणजे कॅचर, आजवरचा सर्वांत थोर कोण? निकानोर मास्तर जॉनी बेंचच्या फेकीची शपथ घेत होते. टॅक्सीवाला बेचो म्हणत होता, जोश गिब्सनच्या बॅटीपुढे बाकीचे पाणी भरतात.

मी मध्येच तोंड घातलं. "आणि तुमच्याच गावचा ओस्नियेल? आमचा सगळ्यात चपळ गडी त्यानं नुसत्या गुडघ्यावरून चेंडू फेकून दुसऱ्या बेसवर गारद केला होता. हल्ली कुठे खेळतो तो?"

वाद विझला. मास्तरांनी माझ्या पायावर पाय दिला, तोही उशिरा. बाकाच्या टोकाला एक म्हातारा कॅचरचा जाड ग्लोव्ह शिवत होता. त्याचा दाभण थांबला.

तो एलेउतेरिओ, ओस्नियेलचा बाप. तारुण्यात तोही कॅचर. चेंडू लागून लागून उजव्या हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. गावातले फाटके ग्लोव्ह शिवून पोट भरायचा. पोरगा उत्तरेच्या किनाऱ्यावरून मित्रांबरोबर चोरून होडीनं निघाला, समुद्रापार मायामीला. पुढे होडीच्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. तेव्हापासून पार्कात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. तसं ठरवलं कुणीच नव्हतं.

"बोल ना पोरा," म्हातारा मला म्हणाला. "गुडघ्यावरून फेकला. पुढे?"

"जाऊ दे ना, एलेउतेरिओ," बेचो म्हणाला.

"का जाऊ दे? बेंचला शिव्या घालतोस, गिब्सनला घालतोस. माझ्याच पोरानं काय घोडं मारलंय? शिव्या चुकवायला तो मेलाय का?"

बेचो चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "बरं. बॅट म्हणशील तर झाडू होता. चेंडू जरा वळला की नुसता वारा घालायचा."

"तुझ्या घरच्या झाडूपेक्षा बरा. तो तुलाच लागतो." दाभण पुन्हा चालू झाला.

वाद संपल्यावर त्यानं मला गाड्यावरची कॉफी पाजली. मी खिशात हात घातला तर म्हणाला, "राहू दे. पोराचा फोन आला की तू पाज."

मग रोज तेच. मास्तर ओस्नियेलला दहावा ठेवायचे, बाप पहिल्यावर अडून बसायचा. भांडताना हातात ग्लोव्ह तोच असायचा: पोराचा. पुरता शिवून झालेला, तरी तो एखादा टाका उसवायचा, पुन्हा घालायचा, तेल चोळायचा. कातडं कडक झालं तर पोरगा आल्यावर काय खेळणार?

हिवाळ्यात एका सकाळी मास्तर सवयीनं म्हणाले, "दहावा."

"बरं, दहावा," म्हातारा म्हणाला.

बेचो घाईघाईनं म्हणाला, "अरे, सहावा तरी आहेच की. मी म्हणतो चौथा."

"नको. मास्तरांचं बरोबर आहे. बॅट नव्हतीच त्याच्याकडे."

हातात ग्लोव्ह नव्हता. तालमीला जाणाऱ्या गावच्या नव्या कॅचरला त्यानं तो सकाळीच देऊन टाकला होता. दिवसभर त्याची बोटं नुसतीच मांडीवर पडून होती.

अजूनही तो येतो, बाकाच्या टोकाला बसतो, बेंच-गिब्सन ऐकतो. ती कॉफी माझ्याकडे अजून बाकी आहे. तो मागत नाही, आणि मीही विषय काढत नाही.