पडद्यावरच्या बागेतला चिखल

अमरावतीत मी इतकी वर्षं पोरांना वक्तृत्व शिकवलं की आता कुणाच्या बोलण्याने डोळे भरून आले, तरी आधी संशय येतो. या वाक्याला थांब, इथे आवाज खाली आण, इथे आवंढा गिळ, हे सगळं मीच शिकवलेलं. आवंढे गिळून बक्षिसं आणणारी माझी पोरं मला आवडायची, पण त्यांचं ऐकून मी कधी मत बदललं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालंय.

म्हणून भाचीचा फोन आला तेव्हाच मी सावध झाले. "आत्या, अकोल्याला ये. माझं काम मांडलंय. बाबांनाही घेऊन ये. नुसतं बघायला." त्या 'नुसतं'नेच घात केला. पोरगी ताकाला येत होती आणि भांडं लपवत होती.

भांडं मला माहीत होतं. अंजनगाव सुर्जीची आमची संत्र्याची बाग वडिलांनी लावलेली, आता माझ्या धाकट्या भावाकडे. पूर्वेच्या ओळी रोगाने वाळत चालल्या होत्या आणि हा बहार उतरला की सगळी बाग तोडायची, असं त्याच्या मनात होतं. अर्धी बाग माझ्या नावावर, त्यामुळे माझ्या होकाराशिवाय तो कुऱ्हाड लावणार नव्हता. भाचीला बाग तोडायला नको होती. ती पुण्याला शिकून आलेली, कोड लिहून चित्रं काढते. म्हणजे संगणकाला सूचना लिहून देते आणि समोरचा माणूस हलेल तसं चित्र हलतं. भावाला यातलं काही कळत नसे, पण कुणी विचारलं तर तो अभिमानाने "कम्प्युटरवर रंगकाम करते" असं सांगायचा.

अकोल्याच्या त्या हॉलमध्ये एक भिंतभर पडदा होता. फरशीवर पांढऱ्या पट्टीने चौकोन आखला होता, वर कॅमेरा. चौकोनात चाललं की पडद्यावरची बाग आपल्याभोवती सरकायची. बाग आमचीच होती. विहीर, विहिरीजवळची वाकडी बाभूळ, सगळं. भाऊ झाडासमोर थांबला की त्याच्यासमोर फळं पिवळी व्हायची, हात वर केला की फांदी खाली यायची. तो बराच वेळ फिरला. बाहेर आला तेव्हा खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत होता.

"ताई, राहू दे बाग," तो म्हणाला. "मले नाई तोडा वाटत."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी माझं लक्ष भाचीकडे गेलं, तर ती बापाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. माझी पोरं भाषण संपवून परीक्षकाकडे बघतात, तसं.

भाऊ चहाला बाहेर गेला आणि मी चौकोनात शिरले. फळं पिवळी करण्यात मला रस नव्हता. मी सरळ पूर्वेकडे निघाले. दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा कशी कोण जाणे, विहिरीपाशीच आले. तिसऱ्यांदा पावलं मोजली. पूर्वेकडे माझं एक पाऊल पडद्यावर अर्धंच पडत होतं.

भाचीला बाजूला घेतलं. "वाळलेली झाडं कुठं आहेत?"

"आहेत ना. एकूणएक चित्रात काढलीत. मी काही लपवलं नाही."

"मग मी पोचत का नाही?"

"तिकडे चालणं जड केलंय. मी कुणाला अडवत नाही, आत्या. माणूस आपल्या मनानेच वळतो."

"तसं त्याला वाटतं."

"वाटायलाच पाहिजे. सांगून पटत नाही, चालून पटतं. आबा काय करायचे? तूच तर सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं. झाडावरचा माल उक्ता द्यायचा म्हणजे व्यापारी बागेत फिरून नजरेने अंदाज घेणार. तो यायच्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, सकाळीच पाण्याचा दांड फोडून रोगट ओळींना पाणी सोडायचे. मग व्यापाऱ्याला म्हणायचे, "फिरा शेठ, मनाले येईन तिकडे फिरा." काळ्या मातीच्या चिखलात चप्पल कोण घालणार? शेठ आपसूक चांगल्या ओळींनी फिरायचा. पण एका वर्षी एकाने चिखलाकडे पाहिलं, चपला काढल्या, धोतर खोचलं आणि सरळ आत शिरला. परत आला तेव्हा पोटऱ्यांपर्यंत भरलेला. वडिलांनी स्वतः त्याच्या पायांवर पाणी ओतलं. दोघंही हसले आणि जो भाव खरा तो ठरला.

"त्यांचा चिखल दिसायचा," मी म्हणाले. "तुझा दिसत नाही. तू पण दाखव."

"मग बाबा तिकडे जातील."

"जाऊ दे."

"आणि बाग जाईल."

"जाईल."

"तुला बाग नकोच आहे," ती म्हणाली. ते मला लागलं. ती लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि काम होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

भाऊ आल्यावर मी म्हटलं, "अजून एकदा फिरून ये."

"काहून? आताच तं फिरलो."

"फिर तर खरं."

या वेळी पूर्वेला काळा, चकाकता चिखल होता. भाऊ त्याच्या काठाशी थांबला. मग खाली वाकून त्याने चपला काढल्या, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जोडीने ठेवल्या, पँट दुमडली. आपली पाळी यायची वाट बघत रांगेत उभं असलेलं कुणी हसलं नाही. चिखलातून काढावा तसा एकेक पाय वर उचलत तो चालत गेला आणि पोचला. भाची खोटं बोलली नव्हती. झाड न् झाड काढलं होतं, सालीवरच्या डिंकासकट. भावाने एका झाडासमोर हात वर केला. फांदी हलली नाही. दुसऱ्यासमोर केला, तिसऱ्यासमोर केला.

"हे तं गेले सारे," तो म्हणाला. मग मागे न बघता, "ताई, तोडाच लागते."

"हो," मी म्हणाले.

भाचीने लॅपटॉप मिटला. भाऊ चौकोनाबाहेर आला, दाराजवळच्या पायपुसण्यावर कोरडे तळवे नीट घासले आणि मगच चपला घातल्या. मला बाग हवी होती, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही.