रिकामा पट्टा

आमच्या कारखान्यात एक फिटर होता. त्याला आम्ही लेव्हल म्हणायचो. मशीन बसवताना पाणसळीतला, म्हणजे लेव्हलमधला, बुडबुडा मधोमध येईपर्यंत तो कुणाला जेवायला सोडत नसे. मी क्रेनवर होतो. वर केबिनमधून मी भार धरून ठेवायचा आणि खालून यानं बोटानं खुणावायचं, अजून केसभर खाली. अशी सव्वीस वर्षं काढली.

त्याचा एक नियम होता. दुरुस्त केलेलं मशीन आधी आठ तास रिकामं चालवायचं. मध्ये थांबलं तर तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. वीज गेली म्हणून थांबलं तरी तेच. मुकादम कपाळाला हात लावायचा. "अरे बाबा, यात मशीनचा काय दोष?"

"दोष कुणाचा ते मी विचारलंच नाही. थांबलं ना?"

निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्याची बायको गेली. तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी. न गळणारे नळ खोलायचा, पुन्हा बसवायचा. माझ्याकडे आला की अर्धा चहा ठेवून उठायचा आणि माझ्याच दाराच्या बिजागऱ्या हलवून बघायचा. माझी बायको म्हणायची, "भावजी, घर पाडायला आलात की बसायला?"

त्याच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहायची. तिचा कुत्रा होता, बॉबिन. तपकिरी, नऊ वर्षांचा, एक कान दुमडलेला. महिनाभरात ती मुलाकडे राहायला जाणार होती आणि तिथे कुत्रा चालणार नव्हता. तिनं लेव्हलला विचारलं, "भाऊ, तुम्ही ठेवाल का? नाही तर याला सोडलेल्या जनावरांच्या आश्रमात द्यावं लागेल. या वयात तिथून याला कोण नेणार?"

आठ दिवस यानं उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी बाजारातून गळपट्टा आणि फिरवायचा पट्टा घेऊन आला.

"म्हणजे ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं कुठे? आधी स्वतःला चालवून बघतो. एकवीस दिवस. पहाटे साडेपाच, संध्याकाळी सहा. चाळीस-चाळीस मिनिटं."

"कुत्रा?"

"कुत्रा नाही. रिकामं."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून हा गडी हातात रिकामा पट्टा घेऊन रस्त्यावर. दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "काका, निसटला की काय?"

"अजून आलेला नाही."

चौकात लोक हसायचे. मीही हसलो. पण एक सांगतो, चाळीस म्हणजे चाळीसच मिनिटं. एकोणचाळिसाव्याला घराशी पोचला तर दारात उभा राहून एक मिनिट भरायचा. दोन्ही वेळा घरी आल्यावर वाटी पाण्यानं भरून कोपऱ्यात ठेवायचा, पुढच्या वेळी ओतून घासायचा. प्यायला कुणी नाही, तरी घासायचा.

एकदा त्याच्या घरी बसलो असताना मी चिडलो. "रिकामं किती दिवस चालवशील? भार घेतल्याशिवाय क्रेनचं काही कळत नाही."

"भार घेतल्यावर कळलं तर खालच्या माणसाचं काय?" तो गॅलरीकडे बघत म्हणाला. तिथे बायकोच्या अकरा कुंड्या होत्या, आठांत नुसती माती. "एवढंच सांगून गेली होती ती, पाणी घाल म्हणून. मी रोज नळ खोलत बसलो. झाडांकडे बघितलंच नाही."



चौदाव्या दिवशी संध्याकाळी त्याचा गुडघा सुजला. दोन पायऱ्या उतरला आणि कठडा धरून परत वर गेला. फोनवर त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, आधी स्वतःला सांभाळा. कुत्र्याचं खूळ सोडा." दुसऱ्या दिवशी मी गेलो तर पट्ट्याची नीट गुंडाळी करून बसलेला.

"पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला. "एकवीस दिवस. ती आठवड्यानं निघतेय. बसत नाही हिशोब. चल, नाही म्हणून सांगून येऊ. पट्टा तिला देऊन टाकतो, आश्रमात लागेल."

खाली गेलो. घरभर गाठोडी, शिलाई मशीनला चादर गुंडाळलेली. बाई दोरी दातात धरून खोकं बांधत होती. पट्ट्याची कडी खणकली तसा बॉबिन पलंगाखालून बाहेर आला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"ताई, मी सांगायला आलो होतो..."

"सांगा हो, पण मागून. सकाळपासून त्याला बाहेर नेलं नाहीये मी. आधी फिरवून आणा. माझे हात दोरीत आहेत."

काय करतो! कडी अडकवली. गुडघा धरत उतरला, मी मागून. बॉबिनही एकेका पायरीवर थांबून उतरत होता. त्याचेही सांधे गेलेले. कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत गेला आणि बसला. लेव्हलनं पट्टा ओढला. कुत्रा ढिम्म.

"हा हलत का नाही?"

"दमला असेल."

"दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत!"

"मग उचलून ने. क्रेन आणू?"

त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. शेवटी खांबाशेजारच्या ओट्यावर बसला. पाच मिनिटं एका जागी बसला. किती वर्षांनी बघत होतो मी ते. मग कुत्रा आपण होऊन उठला तसा हाही उठला.

वर आलो. बॉबिन रिकाम्या भांड्याशी गेला आणि भुंकला. थांबेचना.

"हे असंच," बाई म्हणाली. "भांडं भरेपर्यंत कान किटवतो. विसरायची सोय नाही. हां, काय सांगणार होतात?"

लेव्हल भांड्याकडे बघत राहिला. कुत्रा भुंकतच होता.

"पाणी कुठाय?" त्यानं विचारलं.

नाही म्हणायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आठवड्यानं बाई डोळे पुसत गेली, बॉबिन वरच्या मजल्यावर आला. मी लेव्हलला बजावलं होतं, "गुडघा सुजला की मला हाक मार. मला कुत्री आवडत नाहीत, पण भार धरून ठेवता येतो."

बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला तो त्या खांबाशी दिसला. ओट्यावर बसलेला. मान सारखी वळत होती, कधी घड्याळाकडे, कधी कुत्र्याकडे.

"कितवा दिवस?" मी विचारलं.

"पहिला," तो म्हणाला, आणि उठून पट्टा हलवला. "चल रे."

कुत्रा उठला नाही. लेव्हल पुन्हा ओट्यावर बसला.