हेराल्डचे डोळे

नव्वदच्या दशकातला एक रविवार. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, आणि मी आमची जुनी हेराल्ड गाडी पेणला एका गणपतीच्या कारखान्याच्या अंगणात उभी केली. शेजारी आमचे हे... रोह्यापासून एक शब्द बोलले नव्हते.

त्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणंही परत आलं, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. डावा हात धडधाकट होता, पण हे तो वापरायला तयार नव्हते. बटणं मी लावायची, घास मी भरवायचा... डाव्या हाताने जेवतात का, म्हणून.

ही गाडी यांनी वर्षानुवर्षं स्वतः खोलली आणि जोडली होती. मला चालवायलाही यांनीच शिकवली. झटक्यानंतर तिच्याबद्दल एकदाच बोलले, "विकून टाक." पनवेलचा एकजण बघायला येणार होता. मी म्हटलं, ठीक आहे, पण फुटका डॅशबोर्ड दाखवून विकणार नाही.

डॅशबोर्ड दाबलेल्या पुठ्ठ्याचा. उन्हाने तडकून मधोमध भेग गेली होती आणि राखाडी रंगाचे पोपडे निघत होते. रोह्याचा मेकॅनिक म्हणाला, नवा मिळायचा नाही, वरून रेक्झिन ठोकून देतो. ते मला पसंत पडलं नाही. आमचा गणपती दरवर्षी पेणच्या या हरिभाऊंच्या कारखान्यातून यायचा, कागदाच्या लगद्याचा. लगद्यात हात घालणारा माणूस पुठ्ठ्याची भेग भरेलच, एवढा माझा साधा हिशोब.

हरिभाऊंनी वाकून बघितलं. भेगेवरून अंगठा फिरवला. मग स्पीडोमीटर आणि त्याच्या बाजूचा पेट्रोलच्या काट्याचा छोटा गोल, या दोन्हींकडे बघत राहिले.

"नाय बाई, हे नाय होयाचं."

"का? लगदा संपला?"

"लगदा हाय ओ. पण हिचे डोळे उघडे हायेत."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. "डोळ्यांची आखणी व्हायच्या आधी मूर्तीला तडा गेला तर आमी लगदा भरतो, घासतो, रंगवतो. काय बिघडत नाय. पण एकदा डोळे आखले की तो देव. मग तडा गेला तर सांधायचा नाय, पाण्यात सोडायचा."

"हरिभाऊ, ही गाडी आहे."

"गाडी हाय ते दिसतंय मला. दसऱ्याला हार कोण घालतं तिला? तुमीच ना?"

हार मीच घालायचे... राग मात्र आला. एवढ्या लांब येऊन हे ऐकायचं?

"ते दोन गोल उतरवून द्या," ते म्हणाले. "मग तो नुसता पुठ्ठा. लगेच भरतो. पण उतरवायचं काम माझं नाय."

परत फिरायचं म्हणून मी गाडीत बसून किल्लीला हात घातला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सुमन, डिकीतली पान्यांची पिशवी आण."

आणली. डाव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर धरून हे स्पीडोमीटरमागची केबल चाचपडायला लागले. पहिला स्क्रू हातातून निसटून सीटखाली गेला. मी वाकले, तर म्हणाले, "हात लावू नकोस."

"बाई, तुमी आत बसून चा घ्या," हरिभाऊ म्हणाले. "इथं उभ्या राहिलात तर त्यांची बोटं अडखळतील."

मी आत जाऊन बसले. चहा गार झाला... अंगणातून मधूनच पाना पडल्याचा आवाज येत होता आणि उठून बाहेर जायचं नाही, हे मी स्वतःला बजावत होते. दुपार उलटून गेल्यावर हे दारात आले. शर्ट घामाने भिजलेला, डाव्या हातात स्पीडोमीटर. हरिभाऊंनी दोन्ही गोल नव्या कापडात गुंडाळून पाटावर ठेवले.

गाडी तिथेच सोडून आम्ही एसटीने रोह्याला परतलो. जेवायला बसल्यावर यांनी चमचा डाव्या हातात घेतला. मी आमटी वाढली.

पुढच्या आठवड्यात गेलो तर भेग शोधून सापडेना. रंग त्यांनी आतल्या खणाच्या झाकणामागच्या मूळ रंगावरून जुळवला होता, तिथे ऊन पोचलेलं नव्हतं. फक्त वरून व्हार्निश मारलं होतं, गणपतीला मारतात तसं चकचकीत.

"ही चमक काचेत उतरेल," हे म्हणाले. "देवाला शोभेल, पण ड्रायव्हरला रस्ता दिसायचा नाही."

हरिभाऊ हसले आणि पॉलिश पेपर घेऊन पुन्हा घासत बसले. डॅशबोर्ड जागेवर बसल्यावर त्यांनी कापडातले गोल काढून यांच्यापुढे धरले. "आमच्यात डोळे कारखान्याचा मुख्य माणूसच करतो. हिचे मुख्य तुमी."

यांनी दोन्ही बसवले. खूप वेळ लागला.

परतताना गाडी मी चालवत होते. वडखळ सोडलं आणि शेजारून सुरू झालं... "पन्नासच्या वर नको. काटा बघ जरा. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस." रोह्यापर्यंत तोंड बंद नव्हतं. माझ्या एवढ्या चुका काढणारा माणूस घरात पुन्हा आला, याचं मला केवढं बरं वाटलं...

दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला जाता जाता मी पनवेलच्या माणसाला निरोप पाठवला, येऊ नका, गाडी विकायची नाही. यांना विचारलंसुद्धा नाही.

हरिभाऊ, त्या दिवशी तुम्ही पहिल्याच शब्दाला हो म्हणाला असतात, तर आम्ही नीटनेटका डॅशबोर्ड घेऊन तसेच गप्प घरी आलो असतो. तुम्ही "नाय" म्हणालात, त्याबद्दल तुमचे आभार.